सूचना : मेंढ्यांच्या चराऊ कुरणातील विषारी तणांबाबत

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, कुरणातील चांगले गवत संपत आले की मेंढ्या एरवी हुंगून सोडून देतात त्या वनस्पतींनाही तोंड लावतात, आणि विषबाधेचा धोका याच सुमारास वाढतो. त्यामुळे कळप आत सोडण्यापूर्वी कुरणाची, विशेषतः कुंपणाच्या कडेची, पायी फिरून पाहणी करावी. लांबच्या चालीने भुकेलेला कळप थेट नव्या कुरणात सोडू नये. आधी थोडा वाळला चारा घालावा.

घाणेरीकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. तिच्या पानांतील विषाने यकृत बिघडते, डोळे पिवळे पडतात आणि नाक, कान, ओठ यांवरील कातडी उन्हात भाजल्यासारखी होऊन सोलते. अशी मेंढी दिसताच तिला सावलीत बांधून पशुवैद्यकास बोलवावे. पक्षी तिची फळे खाऊन बी लांबवर टाकतात, म्हणून एकदा साफ केलेले कुरण कायमचे साफ राहील, असे कोणी गृहीत धरू नये. धोतरा मात्र बोंडे तडकण्यापूर्वी मुळासकट उपटला तरी पुष्कळ काम होते. उपटताना हातमोजे घालावेत. आळस होतो, पण घालावेत.

उपटलेले तण कुरणातच टाकण्याची सवय सोडावी, कारण कण्हेरीसारख्या वनस्पतींचे विष पाने सुकल्यावरही कायम राहते. फवारलेले तण कोमेजताना मेंढ्यांना अधिक रुचू शकते, तेव्हा ते पूर्ण नष्ट होईपर्यंत, तसेच तणनाशकाच्या डब्यावर दिलेली मुदत संपेपर्यंत, कळप बाहेरच ठेवावा.