लाकडी पागा पाडण्याआधी मोजून तरी ठेवा

महोदय,

जुन्या इंदुरात आमच्या वाड्यामागे सागवानी खांबांची पागा आहे. आजोबांच्या लहानपणी तिथे घोडे असत. पुढे गाई आल्या, मग कडबा, वडिलांच्या काळात शिकवणीचे वर्ग आणि आता स्कूटर. एकाच सांगाड्यानं हे सगळं निभावलं, कारण भार खांब-तुळयांवर असतो. भिंती नुसत्या भरावाच्या. हवं तिथे दार काढा, छप्पर जागचं हलत नाही. खाली दगडी तळखडा, त्यामुळे जमिनीची ओल लाकडाला सहसा लागत नाही. एका खांबावर दाव्यानं घासून गुळगुळीत खाच पडली आहे. बोट आजही तिच्यात बरोबर बसतं.

इथल्या होळकरांच्या राजवाड्याचे खालचे ३ मजले दगडी, वरचे ४ लाकडी. १९८४च्या आगीत काय गेलं, ते इंदूरकर विसरलेले नाहीत. आमच्या शेजारची पागा मात्र गेल्या पावसाळ्यापूर्वी गुपचूप पाडली गेली, तुळया जळाऊ लाकडाच्या भावानं गेल्या. फार वाईट वाटलं. पाडकामाला परवानगी देण्याआधी महापालिकेनं अशा बांधकामांची मोजमापं आणि छायाचित्रं घ्यावीत. सुरुवात आमच्या पागेपासून केली तरी चालेल.

– एक वाचक, इंदूर