मेस्त्रीकाका, ब्लेड आता खाली बसत नाही

मेस्त्रीकाका, सा. न.

माझा घरी बनवलेला ग्रेडर, म्हणजे रस्ता खरवडून सपाट करायचं मशीन, तुम्ही दुरुस्त केलात आणि पैशाचं विचारलं तेव्हा चहा घेऊन गाडीला किक मारलीत. तेव्हा काही बोलायला सुचलं नाही, म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण घरी ग्रेडर बनवायचं मनात घेतलेले माझ्यासारखे अजून आहेत.

आमची पाणंद काळ्या मातीची. पावसात गुडघाभर चिखल, आणि वाळला की चाकोऱ्या दगडासारख्या. ऊस भरलेली ट्रॉली काढायला दरवर्षी दुसरा ट्रॅक्टर जोडायचा. आधी ट्रॅक्टरच्या मागं साधं ब्लेड लावून पाहिलं. चाक खड्ड्यात गेलं की ब्लेडही खाली जायचं, चाक वर आलं की ब्लेडही वर. रस्ता सपाट व्हायच्या जागी लाटा उठायच्या. म्हणून जुन्या ट्रॉलीचा आक्स घेतला, सहा इंची चॅनेलची लांब फ्रेम केली आणि ब्लेड बरोबर मधे टांगलं. पुढचं टोक चार इंच उचललं तर मधलं ब्लेड दोनच इंच उचलतं. ग्रेडरचं सगळं मर्म या लांबीत आहे. ब्लेडच्या दोन्ही टोकांना तेलाच्या दाबावर चालणारा वेगळा सिलिंडर आणि वेगळी लिव्हर दिली, म्हणजे रस्त्याला मधून उतार काढता येतो.

इथपर्यंत जमलं. पण ब्लेड उचलून ठेवलं की पाच मिनिटांत डावी बाजू जमिनीला टेकायची. सिलिंडरचं सील गेलंय असं दुकानात सांगितलं. दोनदा किट बदललं, फरक शून्य. ऐन कामाच्या दिवसांत तीन आठवडे मशीन झाडाखाली उभं राहिलं.

तुम्ही आलात आणि काहीच खोललं नाहीत. सिलिंडरच्या रॉडकडच्या तोंडाशी एक हायप्रेशर कॉक बसवलात, ब्लेड उचललंत, कॉक बंद केलात आणि पट्टीवर खडूनं खूण केलीत. अर्धा तास आपण बांधावर बसलो. खूण जागची हलली नाही. तुम्ही म्हणालात, "सील चांगलं आहे. तेल लिव्हरच्या व्हॉल्व्हमधल्या स्पूलमधून, म्हणजे आतल्या सरकत्या दांडीच्या फटीतून झिरपतंय, आणि स्पूल म्हटलं की थोडं झिरपणारच." दुसऱ्या दिवशी दोन्ही सिलिंडरना लॉक व्हॉल्व्ह, म्हणजे लिव्हर हलवेपर्यंत तेल अडवून धरणारे व्हॉल्व्ह लागले. तेव्हापासून रात्री उचलून ठेवलेलं ब्लेड सकाळी तिथंच असतं.

त्या अर्ध्या तासात तुम्ही फळीवर हिशेबही मांडून दाखवलात. सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतला व्यास ६३ मिलिमीटर, रॉड ३५ चा, तेलाचं प्रेशर १५० बार. खाली दाबताना साडेचार टनांहून जास्त जोर, उचलताना रॉडची जागा वजा होऊन सव्वातीन टनांच्या आसपास. लिव्हर जास्त दाबली की मागची चाकं जमीन का सोडतात, ते त्या दिवशी कळलं. ब्लेडच्या खालच्या कडेची कमानपाट्याची धार वेल्डिंग करू नका, तडकेल, बोल्टवर घ्या, हेही तुमचंच. ती धार झिजली की आता मी घरीच पालटतो.

पण खरे आभार वेगळ्याच गोष्टीचे आहेत. तेलाच्या होजच्या क्रिंपजवळ, म्हणजे टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या टोपीजवळ बारीक फवारा दिसला आणि मी बोट लावायला गेलो. तुम्ही मनगट धरून मागं ओढलंत. मग तेलाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्या फवाऱ्यासमोर धरलात. पुठ्ठ्याला सुईएवढं भोक पडलं. ते तेल कातडीत शिरलं असतं तर वर नुसता टोचल्यासारखा ठिपका दिसला असता आणि आत हात सडत गेला असता. तसा ठिपका दिसला तर दुखायची वाट न बघता तडक दवाखाना गाठायचा, हे तुम्ही माझ्या पोराकडून दोनदा म्हणवून घेतलंत. तो पुठ्ठा मी शेडमध्ये खिळ्याला लावून ठेवलाय. मशीनला हात लावायच्या आधी पोरगं त्याकडं बघतं.

पाणंद ओढ्यापर्यंत झाली आहे. पलीकडचा तुकडा वाफसा आला की घेतो. दिवाळीनंतर तोड सुरू होईल. पहिली ट्रॉली निघेल त्या दिवशी तुम्हाला न्यायला येतो, काकूंनाही घेऊन या.

तुमचा,
पाणंदीकडेच्या वस्तीवरचा