न कमावलेले लाडू

कराड, भाऊबीज

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

लाडवांचा डबा परत आला. सुतारांच्या विक्याने तो दुपारी ओट्यावर ठेवला, "ताईने घेतलाच नाही" म्हणाला आणि पाणीसुद्धा न पिता गेला. बाबांनी मारलेली सुतळीची गाठ जशीच्या तशी होती. "परीक्षेतून पोस्ट निघेपर्यंत गोड बंद, मी अजून काही कमावलेलं नाही," असं तू फोनवर म्हणालीस तेव्हा मी फोन ठेवला. पुढे बोलले असते तर सणासुदीला दोघींनी रडून घेतलं असतं. म्हणून आता लिहायला बसलेय. रागाने लिहिलेला पहिला कागद फाडून टाकला, हा दुसरा.

जेवणाबद्दल काही विचारायचं नाही, असं ठरवूनच बसलेय.

डोपामाइन डिटॉक्सचा तू पाठवलेला व्हिडिओ पाहिला. तो मुलगा फार ठासून सांगतो की गोड, गाणी, गप्पा सगळं तोडलं की मेंदूतलं डोपामाइन ताळ्यावर येतं आणि मग अभ्यास आपोआप आवडायला लागतो. जिची उभी नोकरी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवण्यात गेली, तिला हे पोरगं शिकवणार! अगं, डोपामाइन म्हणजे मेंदूच्या पेशींनी एकमेकींना निरोप द्यायचं रसायन, काही अंगात भिनलेलं विष नव्हे, उपास केला की उतरायला. मोबाइल कमी केलास ते चांगलंच, त्याला माझी ना नाही. पण डोपामाइन कमी पडलं की काय होतं ते आपण माईंमध्ये पाहिलंय. पार्किन्सनच्या आजारात मध्यमेंदूतल्या, ते तयार करणाऱ्या पेशीच मरत जातात. माईंचा हात थरथरायचा, ते सगळ्यांना दिसलं. त्यांनी काही मागायचंच सोडलं होतं, ते फक्त मला दिसलं. चहाची वेळ टळून गेली तरी हाक नाही, आणि समोर ठेवला तरी कपाकडे नजर नाही.

गणपतीत तू उकडीचा मोदक ताटात तसाच ठेवून उठलीस, तेव्हा मला ते आठवलं. आणि हातातली बांगडी कोपरापर्यंत सरकत होती. जाऊ दे. हे लिहायचं नव्हतं.

तुला खरं सांगायचं होतं ते वोल्फ्राम शुल्ट्झच्या माकडांबद्दल. स्वित्झर्लंडमध्ये हा माणूस माकडांच्या त्याच डोपामाइनच्या पेशींचं काम मोजत होता. माकडाला अचानक फळाच्या रसाचा थेंब मिळाला की पेशी खडबडून जाग्या व्हायच्या. मग रसाच्या आधी दिवा लावायला सुरुवात केली. काही दिवसांनी पेशी दिवा लागल्यावरच जाग्या व्हायला लागल्या, रस आला तरी त्यांना त्याचं काही नाही. आणि एखाद्या वेळी दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या त्याच क्षणी त्या गप्प पडायच्या. म्हणजे त्या पेशी सुख मोजत नाहीत. वाटलं होतं त्यापेक्षा जास्त मिळालं की कमी, तो फरक मोजतात, आणि त्या फरकावरच मेंदू शिकतो. या कामासाठी शुल्ट्झला 2017 मध्ये आणखी दोघांबरोबर ब्रेन प्राइझ मिळालं.

आता तुझ्या रूमवरच्या भिंतीकडे बघ. तू बक्षीस एकच ठेवलंयस, निकाल. पूर्व, मुख्य, मुलाखत, मग यादी. आज सकाळी पाठ केलेल्या कलम 280 ला, त्या वित्त आयोगाला, दीड वर्षांनी येणाऱ्या यादीचा काय उपयोग? कुठल्या पानाचं ते बक्षीस, हे मेंदूला कळणार कसं? आणि जुलैत कट ऑफ लागला तेव्हा तू दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होतीस. वर्षभर फक्त दिवाच लागत राहिला आणि शेवटी थेंब आला नाही, असं झालं ते. मुद्दाम आठवण काढत नाही गं. आपल्या आळीतून पूर्व पास होणारी तू पहिली, बाबा अजून पेपरवाल्यालासुद्धा सांगतात.

अमेरिकेत 2006 साली एक प्रयोग छापून आला. माणसांना चित्रं दाखवायची, आणि प्रत्येक चित्राआधी खूण करायची की हे उद्या आठवलं तर पाच डॉलर किंवा फक्त दहा सेंट. दुसऱ्या दिवशी पाच डॉलरवाली चित्रं जास्त आठवली. मला गंमत वाटली ती पुढची: त्या लोकांच्या मेंदूत डोपामाइनचा तो भाग आणि आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस हे दोन्ही चित्र दिसण्याच्या आधीच, नुसत्या खुणेवर, कामाला लागलेले दिसले. मिळणार आहे एवढं कळलं तरी पाटी कोरी करून बसतो मेंदू. म्हणून बक्षीस जवळ हवं, आजचं हवं. आणि ते लाडवाएवढं असलं तरी चालतं.

तू म्हणशील, मी काय लहान आहे, पानामागे खाऊ घ्यायला? तर दर पानाला घेऊ नकोस. 2011 चा आणखी एक अभ्यास आहे, त्यात लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न दिले होते, बरोबर उत्तराला पैसे. आठवड्यानंतर पाहिलं तर पैशांमुळे कंटाळवाण्या प्रश्नांची उत्तरं जास्त टिकली होती. जे प्रश्न मुळातच रंजक, तिथे पैशांनी काही फरक पडला नाही. हे वाचलं आणि मला सहावीतली मनू आठवली. शाळेला सुट्टी म्हणून तुला कॉलेजात घेऊन गेले होते. प्रॅक्टिकलला कांद्याचा पापुद्रा काढला, आयोडिनचा थेंब टाकला आणि तुला स्टुलावर उभं करून मायक्रोस्कोपला डोळा लावायला लावला. "आई, भिंत बांधलीय कुणीतरी!" वर्गातली मुलं हसली. मग आठवडाभर घरातला एक कांदा धड राहिला नाही, पाटणकरकाकूंच्या घरचेसुद्धा सोललेस. तुला कुणी काही दिलं नव्हतं त्यासाठी. भूगोल, पर्यावरण हे तुझे कांदेच आहेत, तिथे बक्षिसाची गरज नाही. लाडू ठेव तो राज्यघटनेच्या कलमांना आणि पंचवार्षिक योजनांना.

आणि खाल्लास की लगेच पुढचं पान उलटू नकोस. उंदरांवरचं एक काम आहे. वाटेच्या टोकाला खाणं मिळालं की उंदीर तिथे थांबतो, आणि त्या थांबण्यात हिप्पोकॅम्पसमधल्या, वाट चालताना पेटलेल्याच पेशी भराभर पुन्हा पेटतात. खाणं मिळाल्यावर हे जास्त होतं. झोपेतही अशी उजळणी चालते. तू पहाटे चारला उठून रात्री एकला झोपतेस. मग ही उजळणी व्हायची कधी? रात्री मेसमधून डबा येतो तेव्हा गरम असतो का? आठच्या आत जेवून घेतेस की अकराला गारढोण...

विचारणार नव्हते.

फार शिकवलं. तास संपल्याची घंटा होत नाही ना आता, म्हणून असं होतं. तुझं तुला कळतं हे मला ठाऊक आहे, हट्टही बाबांचाच आहे तुझा. पण "कमावलेलं नाही" हे वाक्य या घरात पुन्हा नको. निकालाचं तू आयोगाकडे माग. घरचं बेसन भाजायला आयोगाची परवानगी लागत नाही.

दाखल्याचं काम बाबा सोमवारी करून घेतील. नॉन क्रिमीलेयरची मुदत 31 मार्चला संपते, तुझी सही लागली तर फोन करतील, तेवढा उचल. विक्या शनिवारी परत पुण्याला येतोय. या वेळी लाडू आठच दिलेत, मुरंबा वेगळा. मावशीला पाठवायचे होते त्यातले नाहीत, हे तुझेच आहेत. वजन केलंस तर आकडा कळव, आणि खरा कळव.

तुझी,
आई