शिकवण्यात वर्षे वाया जातात का?

चि. मनू,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि त्यासोबतचा आराखडा मिळाला. मेळघाटात जाऊन कोरकू भाषेचे ध्वनिमुद्रण करायचे, ते देवनागरीत उतरवायचे आणि त्यावरून बोलणे ओळखणारी संगणकप्रणाली तयार करायची, हा तुझा बेत मला आवडला. मात्र शिकवण्याच्या कामात संशोधकाची उमेदीची वर्षे वाया जातात, हे तुझे म्हणणे पटले नाही. त्यावर वडीलकीचा उपदेश करण्यापेक्षा, ज्यांनी उभे केलेले साधन तू शिकताना वापरलेस, त्या संगणकीय भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन बर्ड यांच्या कारकिर्दीविषयी लिहितो.

बर्ड मूळचे ऑस्ट्रेलियाचे. एडिनबर्ग विद्यापीठात त्यांनी भाषेतील ध्वनिव्यवस्थेच्या संगणकीय मांडणीवर पीएच.डी. केली. पुढचे सारे आयुष्य संगणकासमोर बसून काढणे त्यांना सहज शक्य होते. पण १९९०च्या दशकात ते कॅमेरूनला गेले. तेथील पश्चिम भागातील येंबा भाषेत सूर चढा की उतरता, यावर शब्दाचा अर्थ बदलतो, म्हणून लिहिताना अक्षरांवर सुरांच्या खुणा करण्याची पद्धत बसवलेली होती. शास्त्राच्या दृष्टीने ती निर्दोष दिसे. बर्ड यांनी ती त्या भाषेच्या वाचकांकडूनच तपासून घेतली आणि १९९९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. एक जण सोडला तर सर्वांनी या खुणा वर्गात शिकून घेतल्या होत्या, तरीही खुणा असलेला मजकूर वाचताना त्यांचा ओघ मंदावत होता आणि संदिग्ध शब्दांचा अर्थ लागायलाही त्या खुणांची मदत होत नव्हती. खुणा नसलेल्या मजकुरावर त्या घालायला सांगितल्या, तेव्हा सरावलेल्यांची अचूकता ८३.५ टक्के भरली आणि नवख्यांची अवघी ५३ टक्के. नवख्यांनी एकही खूण घातली नसती, तरी त्यांना जवळपास तेवढेच गुण मिळाले असते.

हे इतके सविस्तर लिहिण्याचे कारण तुझ्याच आराखड्यात आहे. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा असून तिच्यात खालचा सूर असल्याचे भाषाशास्त्रज्ञ नॉर्मन झाईड यांनी १९६६ सालीच दाखवले होते. तू मात्र लेखनपद्धतीसाठी ‘देवनागरी’ एवढाच शब्द खर्ची घातला आहेस. तो सूर लिहायचा की वाचणाऱ्यावर सोपवायचा? मराठीत आपण च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार एकाच अक्षरावर भागवतो आणि आपले काही अडत नाही. कोरकूत अडेल की नाही, हे तुला किंवा मला घरी बसून ठरवता येणार नाही.

आता शिकवण्याविषयी. २००१ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बर्ड आणि एडवर्ड लोपर यांनी एनएलटीके (नॅचरल लँग्वेज टूलकिट) हा भाषेवर काम करणाऱ्या प्रोग्रामांचा, पायथॉन या संगणकभाषेतला संच तयार केला, तो मुळात संगणकीय भाषाविज्ञानाच्या अभ्यासक्रमासाठी. त्याची उद्दिष्टे सांगताना त्यांनी सोपेपणा, सुसंगती आणि नीट लिहिलेली माहिती यांची अपेक्षा तर मांडलीच, पण वेग आणि चलाखी यांची आपल्याला गरज नाही, हेही स्पष्ट लिहिले. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेल्या माझ्यासारख्या माणसाला यातले शहाणपण चटकन कळते. उत्तर लवकर काढून देणारी रीत आणि विद्यार्थ्याला पायऱ्या दिसू देणारी रीत बहुधा एक नसते. यूअन क्लाइन यांच्यासह लिहिलेले त्यांचे पाठ्यपुस्तक २००९ साली आले आणि इंटरनेटवर ते विनामूल्य वाचता येते. व्यवसायात आज याहून कितीतरी वेगवान साधने आहेत, हे मला तूच सांगितले होतेस. पण बांगला, हिंदी आणि तेलुगूबरोबर मराठीचीही, प्रत्येक शब्दाची जात (नाम, क्रियापद वगैरे) नोंदवलेली वाक्ये त्या संचात आहेत, आणि संगणकाने मराठी वाक्याची फोड केलेली तू मला पहिल्यांदा दाखवलीस ती त्यांच्याच आधारे. या विषयाचे शोधनिबंध सर्वांसाठी खुले ठेवणारे एसीएल अँथॉलॉजी हे भांडारही बर्ड यांनीच २००२च्या सुमारास सुरू केले. यातले काय संशोधन आणि काय अध्यापन, हे मला तरी वेगळे काढता येत नाही.

पुढे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐकुमा हे मोबाइल अॅप केले. एकाने आपल्या भाषेत बोलावे, दुसऱ्याने तेच सावकाश उच्चारावे किंवा तोंडी भाषांतर करावे, अशी त्याची रचना आहे. लिहिता येण्याची अट नाही. पापुआ न्यू गिनी आणि ब्राझीलमधील समाजांत ते वापरून पाहिले गेले. आज बर्ड उत्तर ऑस्ट्रेलियात डार्विन येथील विद्यापीठात आहेत आणि तेथील आदिवासींच्या भाषांवर काम करतात. २०२०च्या एका निबंधात त्यांनी स्वतःच्या क्षेत्राला खडसावले आहे: भाषा म्हणजे बाहेरून येऊन उचलून न्यायची सामग्री नव्हे, आणि कोणते तंत्रज्ञान हवे हे आधी त्या समाजाला विचारले पाहिजे. साधने घडवण्यात हयात घालवलेल्या माणसाने हे लिहावे, याला मी फार महत्त्व देतो.

म्हणून आराखडा मार्गदर्शकांकडे देण्यापूर्वी एकदा मेळघाटातल्या धारणीला जाऊन ये. ध्वनिमुद्रक बरोबर नेऊ नकोस. कोरकू बोलणारे शिक्षक भेटतील, त्यांना वर्गात नेमके काय अडते ते विचार. मुद्रणे कोणाच्या ताब्यात राहावीत, आणि ती प्रणाली झालीच तर ती कोण वापरणार, हेही त्यांच्याकडूनच समजून घे. त्यांनी सुट्टीत मुलांना शिकवायला बोलावले, तर नाही म्हणू नकोस. आराखड्यातली मुदत त्यानंतर ठरव. आत्ता लिहिलेली मला फार तोकडी वाटते. जाण्यायेण्याच्या खर्चाची सोय मी करतो. तारीख ठरली की कळव.

तुझे,
बाबा