वठलेली फांदी नेमकी कोठे कापावी?

महोदय,

वळिवाच्या पहिल्या वादळात झाडे-फांद्या कोसळल्याच्या बातम्या पुण्यात दर वर्षी येतात आणि त्या धास्तीने मे महिन्यात बंगल्यांतून व सोसायट्यांतून छाटणीची घाई सुरू होते. वठलेली फांदी उतरवायलाच हवी, याविषयी दुमत नाही. ती कोठे आणि कशी कापायची, हे मात्र सहसा विचारले जात नाही.

एरंडवण्यातील आमच्या अंगणात आंब्याचे जुने झाड आहे. त्याची मांडीएवढी जाड वाळलेली फांदी सहा वर्षांपूर्वी आम्ही रोजंदारीवरच्या एका माणसाकडून काढून घेतली. त्याने वरून एका दमात करवत चालवली. अर्धीअधिक कापली जाताच फांदी स्वतःच्या वजनाने मोडली आणि बुंध्याची दोन हात लांब जिवंत साल सोलत खाली आली. उरलेला खुंट त्याने बुंध्याशी सपाट तासला व वर डांबर फासले. आज तेथे मूठ जाईल एवढी ढोली आहे आणि पावसाळ्यात तिच्यातून काळे पाणी ओघळते. हे सारे माझ्या डोळ्यांदेखत झाले, याची खंत मला अजून आहे.

फांदी खोडातून निघते तेथे सालीची फुगीर कडी दिसते. जखम बुजवणारी नवी साल या कडीतूनच वाढते, म्हणून शेवटचा काप तिच्या लगेच बाहेर घ्यावा. कडी कापू नये आणि लांब खुंटही ठेवू नये. त्याआधी फांदीचे वजन उतरवण्यासाठी खोडापासून हातभर अंतरावर खालून पाव जाडीपर्यंत खाच घ्यावी व तिच्या थोडे पुढे वरून कापावे, म्हणजे साल फाटलीच तरी त्या खाचेपाशी थांबते. डांबर किंवा रंग लावण्याची गरज नाही. अमेरिकी वृक्षशास्त्रज्ञ अॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडे चिरून तपासली आणि अशा लेपांनी कूज थांबत नाही, हे दाखवून दिले.

गुलमोहरासारखे झाड उन्हाळ्याच्या तोंडी निष्पर्ण असते, तेव्हा नखाने साल खरवडून आत हिरवे आहे का, ते आधी पाहावे. वाळलेले लाकूड चाहूल न देता मोडते. त्यावर पाय देऊ नये, दोरही बांधू नये. जवळून वीजतार जात असेल, तर महावितरणकडून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय झाडावर कोणालाही चढवू नये. ज्या फांदीखालून कोणाची ये-जा नाही, तिचा आखूड खुंट मात्र राहू द्यावा, असे मला वाटते. तांबट पक्षी अशाच वठलेल्या लाकडात घरटे कोरतो.

छाटणीसाठी 1975च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार महापालिकेची परवानगी घ्यावीच लागते. त्या परवानगीसोबत उद्यान विभागाने हे तीन काप दाखवणारी एक आकृती मराठीत छापून द्यावी आणि ती करवत चालवणाऱ्या माणसाच्या हाती पडेल, अशी व्यवस्था करावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, एरंडवणे, पुणे