आरडीचा धूर आणि दोन कार्बोरेटरचं सेटिंग

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं, जुन्या टू-स्ट्रोक मोटरसायकली धूर ओकत फिरतात, सगळ्या सरसकट भंगारात घाला म्हणून. त्यांचा राग मला समजतो. शाळा सुटायच्या वेळी एखादी गाडी पोरांच्या तोंडावर निळा धूर सोडून जाते तेव्हा मलापण चीड येते, आणि टू-स्ट्रोक म्हटलं की पेट्रोलबरोबर ऑइल जळणारच, धूर शून्यावर येणार नाही हेही मान्य. पण आज रस्त्यावर जो धूर दिसतो त्यातला बराचसा गाडीचा दोष नसून सेटिंगचा आहे आणि ते सेटिंग करणारे हात आता कमी होत चाललेत, हे कुणीतरी सांगायला पाहिजे म्हणून लिहितोय.

माझ्याकडे १९८६ची राजदूत ३५० आहे, जिला सगळे आरडी म्हणतात. फरीदाबादच्या एस्कॉर्ट्सने यामाहाची ही आरडी ३५० गाडी १९८३ साली आपल्याकडे आणली, ३४७ सीसी, दोन सिलिंडर, सहा गिअर, आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा मिकुनी कंपनीचा कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग. आपल्याकडच्या मेकॅनिकचा हात बसलाय तो एका कार्बोरेटरवर, कारण बुलेट घ्या, आरएक्स १०० घ्या, स्प्लेंडर घ्या, सगळीकडे एकच. आरडीत मुठीपासून एक केबल निघते आणि पुढे तिच्या तीन होतात, दोन दोन्ही कार्बना जातात आणि तिसरी ऑइल पंपाला. म्हणजे मूठ पिळली की तीन गोष्टी एकदम हलल्या पाहिजेत. दोन्ही स्लाइड (कार्बमधल्या वरखाली सरकणाऱ्या झडपा) सारख्या उचलल्या पाहिजेत आणि पंपाने त्याच हिशोबात ऑइल सोडलं पाहिजे, यातलं एक जरी मागंपुढं झालं तरी गाडी बिघडते, आणि बिघडली की लोक म्हणतात आरडी नाजूक आहे.

२०११च्या मे महिन्यात मी हे भोगलंय. रत्नागिरीला लग्नाला जायचं होतं म्हणून आदल्या दिवशी एका गॅरेजमध्ये गाडी दिली, स्लोला, म्हणजे मूठ सोडल्यावर, मिसिंग मारत होती म्हणून. तिथल्या माणसाने कार्बच्या वरच्या केबलचे नट फिरवले, स्लोचे स्क्रू आवळून रेस वाढवली, दोन वेळा मूठ पिळून दाखवली, आवाज मस्त, घेऊन जा म्हणाला. जाताना सगळा उतार, काही कळलं नाही. येताना साखरप्यावरून आंबा घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये अचानक मागचं चाक जाम झालं. क्लच दाबला गेला म्हणून वाचलो, मागे बायको बसली होती आणि मागून एसटी येत होती. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे इंजिन खोललं तर डावा पिस्टन तापून सिलिंडरमध्ये पकडलेला, बोअरला म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला उभ्या रेघा, उजवा मात्र ठीक. त्यांनी आधी पिस्टनकडे बघितलंच नाही, मूठ हळूहळू पिळत केबलीकडे बघत राहिले. डावी स्लाइड आधी उठत होती, उजवी बऱ्याच उशिरा, आणि पंपाची केबल एवढी ढिली की अर्धी मूठ पिळेपर्यंत पंपाची पुली जागची हलत नव्हती. घाटात सगळा लोड डाव्याने ओढला, तापला तोच, आणि त्याच वेळी ऑइल कमी पडलं.

या भीतीने लोक उलट टोक गाठतात. पंपाची केबल मुद्दाम जास्त ताणून ठेवतात, नाहीतर पंपच काढून टाकतात आणि टाकीत अंदाजाने ऑइल ओततात, असू दे थोडं जास्त म्हणून. तुमच्या वाचकाला दिसला तो धूर बऱ्याच वेळा हाच असतो!

त्या मिस्त्रींनी मला जे शिकवलं ते मी आजही तसंच करतो. आधी पॉइंट, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ), प्लग, कार्बची सफाई, दोन्ही फ्लोटची (कार्बच्या वाटीतल्या तरंगत्या भागाची) लेव्हल, इंजिनकडच्या रबरातून हवा ओढते का ते बघायचं, हे सगळं झाल्याशिवाय केबलला हात लावायचा नाही, कारण एका बाजूचं टायमिंग चुकलं असेल आणि तुम्ही कार्ब फिरवत बसलात तर दिवस वाया. मग एअर फिल्टरकडची रबरं काढायची, स्लोचे दोन्ही स्क्रू पार ढिले करायचे म्हणजे स्लाइड खाली टेकतात, आणि दोन्ही कार्बच्या तोंडात एकेक बोट घालून दुसऱ्या कुणाला मूठ अगदी सावकाश पिळायला सांगायची. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत माझी मुलगी बसली होती, तिची बोटं बारीक आहेत, डोळे मिटून म्हणाली, बाबा, डावं आधी हललं. मला तर बघून दोन्ही सारखंच वाटत होतं. डाव्या केबलचा ताण बदलणारा ॲडजस्टर अर्धा आटा आत घेतला, परत बघितलं, आता उजवं जरा आधी, मग पाव आटा बाहेर. मूठ सोडल्यावर स्लाइड खाली पडतात तेव्हा टक्-टक् असे दोन आवाज आले तर अजून चुकलंय, एकच टक् आला की जुळलं. त्या दिवशी तो एक टक् यायला आम्हाला चाळीस मिनिटं लागली. त्यानंतर लॉकनट आवळायचे, हँडल डावीउजवीकडे वळवून परत तपासायचं, मग हवेचा एअर स्क्रू दोन्हीकडे आवळून दीड फेरी सोडायचा, स्लो सारखा, आणि शेवटी पंपाच्या पुलीवरची खूण पिनशी जुळवायची. हे शेवटचं लोक विसरतात. कार्बच्या केबलला हात लावला की पंप परत बघायचाच. मोठ्या फोर-स्ट्रोक गाड्यांना, होंडा सीबी ७५०सारख्या चार कार्बच्या, व्हॅक्युम गेज (हवेची ओढ मोजणारं मीटर) लावून जुळवतात, आरडीला बोट, कान आणि कार्बच्या तोंडात बघायला आरसा पुरतो.

आता नवीन त्रास पेट्रोलचा आहे. पेट्रोल पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्याने जुनी रबरं फुगतात, गाडी महिनाभर उभी राहिली की फ्लोटच्या वाटीत पाणी धरतं, एका कार्बचा बारीक जेट (पेट्रोल यायचं भोक) चोक होतो आणि दुसऱ्याचा नाही, की झालं सेटिंगचं वाटोळं. उभी ठेवणार असाल तर दोन्ही वाट्या रिकाम्या करूनच ठेवा.

२०२०च्या एप्रिलपासून बीएस ६ हे प्रदूषणाचे नवे नियम आले आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळजवळ गेला. नवी पोरं स्कॅनर लावून फॉल्ट बघतात, त्यात त्यांचा दोष नाही, पण कार्बच्या गाड्या अजून लाखांनी रस्त्यावर आहेत आणि त्या पुढची कितीतरी वर्षं चालणार. आयटीआयमध्ये टू-व्हीलरच्या मुलांना दोन कार्बचं एक इंजिन बाकावर लावून द्यावं, पंपासकट, आणि एखाद्या म्हाताऱ्या मिस्त्रीला महिन्यातून एकदा मानधन देऊन बोलवावं एवढंच माझं मागणं आहे. मला शिकवणारे मिस्त्री आता थकलेत, हात थरथरतो, पण कान अजून तसाच आहे, त्यांना रिक्षाने आणायची जबाबदारी मी घेतो. माझा पत्ता तुमच्या ऑफिसात दिलाय, कुणा सरांना किंवा पोरांना बघायचं असेल तर रविवारी सकाळी गाडी दारातच उभी असते.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर