टायब्रेकवरून आबांना

बातुमी, जॉर्जिया
३ ऑगस्ट २०२५

ती. आबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर तुम्ही माझं बोलणं पुरं होऊ दिलं नाहीत, म्हणून हे पत्र. वर्गातली एक मुलगी परवा मुंबईला निघालीय. तिच्या बॅगेत हे पाकीट आणि एक पुडकं कोंबलंय. पुडक्याचं शेवटी सांगते. कागदावर लिहिलं की तुम्हाला मध्येच ‘ते राहू दे, तू जेवलीस का’ असं विचारता येत नाही. (जेवले. इथे राजम्यासारखी एक उसळ मिळते, तीच.)

तर नागपूरच्या दिव्या देशमुखनं महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला, त्यावर तुमचं म्हणणं असं, की टायब्रेकवर, म्हणजे बरोबरी झाल्यावरच्या जलद डावांत, जिंकणं म्हणजे छापा-काटा. एकही नॉर्म (या किताबासाठी स्पर्धेत करून दाखवायची ठरावीक कामगिरी) न करता ग्रँडमास्टर होणं म्हणजे परीक्षेला न बसता पास. आणि वर, ‘आता नागपूरकरांना आभाळ ठेंगणं होणार.’ या शेवटच्याला माझ्याकडे उत्तर नाही. आजीचं माहेर वर्ध्याचं, तिच्यासमोर बोलून बघा.

पण पहिल्या दोन्हींना आहे, कारण दिव्या ही सगळी स्पर्धा आमच्याच गावात खेळली आणि मी ती रोज बघितली. माझा अ‍ॅनाटॉमीचा पेपर राहिल्यामुळे सुट्टीत मी इथेच अडकले, हे तुम्हाला माहीत आहे. (बाबांना ‘प्रॅक्टिकल आहे’ एवढंच माहीत आहे. ते तसंच राहू द्या.) मी हॉलवर गेले नाही. आत कुणाला सोडतात, कुणाला नाही, कोण चौकशी करत बसणार? शिवाय चाली फोनवर जास्त नीट दिसतात. फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून आम्ही दोघी घरमालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात बसायचो. त्या सत्तरीच्या पुढच्या. सगळे त्यांना बेबिया म्हणतात, म्हणजे आजी. मला जॉर्जियन येतं ते वॉर्डात लागेल तेवढंच: कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, आता बरं वाटतं का. पण बुद्धिबळ बघायला तेवढं पुरतं, आबा. ‘तिच्या राजाला दुखतंय का?’ ‘दुखतंय.’ ‘कधीपासून?’ ‘त्या घोड्यापासून.’

आधी छापा-काट्याचं. अंतिम सामन्यात दिव्यासमोर कोनेरू हंपी होती. हंपी २००२ मध्ये, पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली. दिव्याचा जन्म डिसेंबर २००५ चा. दोन्ही संथ डाव बरोबरीत सुटले. पहिल्यात तर दिव्यानं पांढऱ्या मोहऱ्यांनी सुरुवातीलाच हंपीला कोंडीत धरलं होतं आणि मग हातातलं घालवलं. सोमवारी, २८ जुलैला टायब्रेक. म्हणजे रॅपिड, पंधरा मिनिटं आणि दर चालीला वर दहा सेकंद. आता मला सांगा, त्या दिवशी रॅपिडची जगज्जेती कोण होती? हंपीच. २०१९ मध्ये एकदा, आणि गेल्या डिसेंबरात न्यूयॉर्कला पुन्हा. म्हणजे टायब्रेक हे हंपीचं अंगण होतं. पोरगी तिथे जाऊन जिंकली, तेही दुसऱ्या डावात काळ्या मोहऱ्या घेऊन. याला छापा-काटा म्हणायचं असेल तर नाणं हंपीच्या खिशातलं होतं, एवढं तरी कबूल करा.

तो शेवटचा डाव मी जन्मात विसरणार नाही. हंपीची वेळ संपत आलेली. दिव्याची बाजू वरचढ झाली, मग तिनंच ती घालवली, पुन्हा बरोबरीचा रंग दिसायला लागला. बेबियांच्या हातात चटणी ढवळायचा डाव, पातेल्यात आंबट आलूबुखारांची चटणी रटरटतेय, आणि त्या पातेल्याकडे पाठ करून फोनमध्ये डोकं घालून उभ्या. शेवटची चूक हंपीची झाली. बेबियांना ती माझ्या आधी कळली. त्यांनी नुसता डाव वर केला आणि चटणीचे थेंब ओट्यावर पडले. चटणी खाली लागली होतीच. थोड्या वेळानं पडद्यावर दिव्या आईच्या गळ्यात पडून रडत होती आणि इथे आम्ही दोघी पातेलं घासत होतो.

पण तुम्हाला मी दुसराच डाव दाखवणार आहे, कारण त्यात टायब्रेक नाही. उपांत्य फेरी, समोर चीनची तान झोंगयी. ही २०१७ ची जगज्जेती. पहिला डाव बरोबरीत, दुसऱ्यात दिव्याकडे पांढऱ्या मोहऱ्या. तो डाव १०१ चालींचा झाला, आबा! एकशे एक. मध्ये डाव तिच्या हातातून गेला, परत आला, पुन्हा सुटतो की काय असं झालं. सत्तराव्या चालीच्या सुमारास मीच म्हणाले, घे गं बाई बरोबरी, उद्या टायब्रेक आहेच. तिनं काही घेतली नाही.

तिच्या खेळाचा गाभा मला हाच वाटतो. लोक म्हणतात ती आक्रमक आहे, आणि आहेच. तुम्ही मला शिकवलंत, आधी किल्लेकोट करून राजा घरात, मग बाकीचं जग. ती घर आवरते, नाही असं नाही, पण तिचं लक्ष समोरच्याच्या राजावर. एखादं प्यादं गेलं तर जाऊ दे, पण आता काय करायचं हे मी ठरवणार, समोरच्यानं फक्त उत्तरं देत बसायचं. सगळ्या मोहऱ्या एकमेकींवर रोखलेल्या, कुणालाच नीट मोजता येत नाही असा पट झाला, की बाकीचे त्यातून सुटायची वाट शोधतात आणि ही खुर्ची पुढे ओढून बसते. पण नुसता धडाका असता तर १०१ चाली झाल्या नसत्या. धडाकेबाज माणसं तिसाव्या चालीला एक तर जिंकतात नाही तर आपटतात. हिच्यात धडाका आहे आणि चिवटपणाही, एका अंगात दोन्ही. आपल्याकडे चिवटपणा म्हातारपणी येतो असं मला वाटायचं.

आता तुमचंही थोडं बरोबर आहे. ती चुका करते, जिंकत आलेले डाव हातचे सोडते. डावाचा शेवट, म्हणजे पटावर चार-दोन मोहऱ्या उरतात तेव्हाचा खेळ, तुमचा अगदी लाडका विषय, तिथे ती अजून कच्ची आहे. मी म्हणते म्हणून नाही. जिंकल्यावर तिनं स्वतःच सांगितलं की एंडगेम शिकायला हवेत. विश्वचषक हातात आल्यावर असं बोलायला काय लागतं, ते पुणेकराला कळणं कठीण. (ही रागावून लिहिलेली ओळ आहे. खोडत नाही.)

बरोबरीवरून आठवलं, तुम्हालाही आठवत असेलच. मी पाचवीत होते, रविवारची स्पर्धा, शेवटची फेरी. समोरच्या मुलानं बरोबरीसाठी हात पुढे केला. तुम्ही आत येण्याआधीच बजावलं होतंत, ‘मागितली तर घे, तिसरा नंबर येतो.’ मी घेतली नाही. मला हत्ती सातव्या ओळीत दिसत होता. हत्ती पोचला आणि मागे माझा राजा उघडा पडला. लकडी पुलापर्यंत स्कूटरवर तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. मग सिग्नलला मान न वळवता म्हणालात, ‘कसली ही खाज.’ पुढची दोन वर्षं मी सगळ्या बरोबऱ्या घेतल्या. कुणी मागितली की दिली, कुणी नाही मागितली तर मीच मागितली. मग सातवीत खेळणंच सोडलं, आणि तुम्हाला वाटलं अभ्यासामुळे. तुम्हाला बोल लावायला हे लिहीत नाही. तुम्ही उन्हातान्हात न्यायचात, पोळीचा लाडू द्यायचात, बाकीचे आजोबा असं करत नव्हते. पण एकशे एकावी चाल बघताना मला तो सिग्नल दिसला, एवढं खरं.

त्याच हॉलमध्ये मागच्या रांगेतल्या दोन बायका माझ्या डावापेक्षा माझ्या वेण्यांबद्दल जास्त बोलत होत्या, तेही आठवलं. कारण दिव्यानं जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्सहून, वाइक आन झीची स्पर्धा खेळून झाल्यावर, हेच जाहीर लिहिलं होतं. प्रेक्षक तिचे कपडे, केस, बोलण्याची ढब यांवर बोलतात, खेळावर नाही. अठरा वर्षांची होती. मी तिच्याहून दीड वर्षानं मोठी. मी वेण्या कापल्या होत्या फक्त.

राहिलं ‘परीक्षेला न बसता पास’. नियम असा आहे: एरवी ग्रँडमास्टर व्हायला तीन नॉर्म आणि अडीच हजार रेटिंग लागतं, पण महिलांचा विश्वचषक जिंकणारीला तो किताब थेट मिळतो. दिव्याकडे एकही नॉर्म नव्हता आणि रेटिंगही अडीच हजारांच्या खाली. अगदी मान्य. पण ही परीक्षा कोणती ते बघा. १०७ जणी, बाद पद्धत, हिला मानांकन पंधरावं. दुसऱ्या मानांकनाची चीनची झू जिनेर, मग आपलीच हरिका, मग तान, मग हंपी. एकीकडूनही हरली तर सामान बांधून नागपूर. यापेक्षा तीन नॉर्म करणं सोपं पडलं असतं.

आणि आधीच्या परीक्षा? २०१४ मध्ये दहा वर्षांखालची जगज्जेती, २०१७ मध्ये बारा वर्षांखालची. २०२३ मध्ये आशियाई विजेती. गेल्या वर्षी गांधीनगरला वीस वर्षांखालच्या मुलींची जगज्जेती, ११ पैकी १० गुण. त्याच वर्षी बुडापेस्टच्या ऑलिंपियाडला तिसऱ्या पटावर ११ पैकी साडेनऊ, स्वतःचं सुवर्ण आणि संघाचंही. त्या संघाचा कर्णधार कोण होता? अभिजित कुंटे, आपल्या पुण्याचे. तेव्हा तुम्ही पेढे वाटले होतेत! मग आत्ताच काय झालं? एप्रिलमध्ये ती हडपसरला ग्रांप्री खेळत होती. हंपी पहिली, झू दुसरी, दिव्या तिसरी. पीएमटीत बसून जाण्यासारखं अंतर. ‘एवढ्या उन्हात कोण जाणार’ म्हणालात.

या नॉर्मच्या प्रकरणावर बेबियांचंही एक मत आहे. नोना गाप्रिंदाश्विली त्यांच्या देवघरातल्या. १९६२ ते १९७८ जगज्जेत्या, मग सतरा वर्षांच्या माया चिबुर्दानिद्झेनं त्यांना हरवलं आणि ती १९९१ पर्यंत. म्हणजे जवळजवळ तीस वर्षं किताब याच मुलुखात. मुलीच्या रुखवतात बुद्धिबळाचा पट मांडायची इथे जुनी रीत होती म्हणतात. बेबियांचा अजून कपाटावर आहे. तर १९७८ मध्ये ग्रँडमास्टर हा किताब मिळवणारी पहिली बाई म्हणजे नोना, आणि तेव्हाही निकषांत थोडं कमीच भरत होतं, तरी दिला. मी मोबाइलवर भाषांतर करून तुमचा आक्षेप बेबियांना वाचून दाखवला. त्यांनी ऐकून घेतला आणि माझ्या जॉर्जियनमध्ये मला समजेल असं विचारलं, ‘तुझ्या आजोबांना कुठे दुखतं?’

दिव्या भारताची ८८ वी ग्रँडमास्टर. त्यांत बायका चार: हंपी, हरिका, वैशाली आणि ही. चौथी महाराष्ट्राची आहे. तुम्ही नागपूरला महाराष्ट्रात धरता की नाही, ते कळवा.

पेपर १२ तारखेला आहे. अभ्यास चालू आहे. आजीला सांगा, मेतकूट संपलं.

तुमची नात

ता. क. पुडक्यात एक काळा उंट आहे. इथल्या जुन्या बाजारात सुटा मिळाला, लाकडी, बुडाचा फेल्ट गेलेला. आपल्या पटावर माझ्या पाचवीपासून त्या जागी सुपारी उभी आहे, आता ती आजीच्या डब्यात परत जाऊ द्या. ती दर दिवाळीला मागते. उंट आपल्या हत्तीपेक्षा जरा उंच आहे, चालवून घ्या. आणि इथे त्याला उंट नाही, कासव म्हणतात.